उसना गोलकीपर

हॅमर्सचा गोलकीपर आलेला नाही, हे त्या शनिवारी सगळ्यांच्या आधी मला कळलं. आइस हॉकीत बाकीच्यांच्या बॅगा खांद्याला लटकतात, गोलकीपरची मात्र जमिनीवरून ओढावी लागते. एखादं माणूस आत झोपवता येईल एवढी ती मोठी असते. मी दाराजवळच्या बाकावर शाल लपेटून बसले होते आणि हॅमर्सची, म्हणजे शारजापलीकडच्या हमरिया बंदरातली, पोरं एकेक करून आत येत होती. खांद्याला बॅगा, काखेत काठ्या, कुणाच्या हातात कडक चहाचा कागदी कप. ओढायची बॅग एकाकडेही नव्हती.

मला आनंद झाला. इतका, की शाल काढून ठेवून मी उभीच राहिले.

आमच्या संघाचं नाव क्रीक हेरन्स. हेरन म्हणजे बगळा, म्हणून आमच्या घरात त्यांना पहिल्यापासून बगळेच म्हणतात. दुबईच्या हौशी लीगमध्ये दोन विभाग आहेत, त्यातल्या खालच्या विभागात बगळे खेळतात. वर कधी गेले नाहीत आणि याहून खाली जायला जागा नाही. पण या वर्षी लीगने नवीन नियम केला. बर्फाचा हॉल एक, त्याचे तास मोजके, आणि रांगेत नवे संघ उभे. म्हणून जो शेवटचा येईल त्याने आपला सरावाचा तास सोडायचा. आमचा तास मंगळवार संध्याकाळचा. तो गेला की दुसरीकडे बर्फ कुठून आणणार? बर्फाशिवाय हॉकीचा संघ म्हणजे नुसत्या बॅगा आणि त्यांचा वास.

शेवटून पहिले दोघं आम्ही आणि हमरिया हॅमर्स, आणि सीझनचा शेवटचा सामना आमच्यातच होता. आम्ही एका गुणाने पुढे. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो. आणि त्यांचा गोलकीपर वेळेत उभा राहिला नाही, तर न खेळताच सामना आमचा. थोडा वेळ थांबायचं, नाही आला तर खलास.

“नोमान,” मी शेजारी बसलेल्या मुलाला म्हटलं, “त्यांचा गोलकीपर नाही.”

“असेल अम्मी, मागून येत असेल.”

“शारजाच्या रस्त्यावर अपघात झालाय. आपण कसे आलो ते विसरलास? आपल्या मागून जो निघाला तो अजून तिथेच.”

नोमान हसला. “केवढा आनंद झालाय तुला! मागच्या गाडीतल्यांसाठी जरा दुआ माग.”

“मागितली. सगळे सुखरूप असोत, आणि तिथेच असोत.”

माझं नाव झुबेदा. माहेर कर्ल्याचं, रत्नागिरीला लागून. लग्न होऊन इथे आले तेव्हा बर दुबईत एका खोलीत राहायचो. खालच्या गल्लीत कापडाची दुकानं आणि चार पावलांवर खाडी. नोमानचे अब्बा नूरुद्दीन याच हॉलच्या बर्फाच्या प्लांटमध्ये कामाला होते. बाहेर ऊन असं की चप्पल डांबराला चिकटायची, आणि आत हे पाणी गोठवायचे. मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा नवऱ्याच्या मिशीवर दव बघून घाबरले होते. बगळे त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आले. एका कॅनेडियन बँकेतली चार माणसं, दोन फिनलंडचे, एक लेबनीज न्हावी आणि काठी उलटी धरणारा एक आमचा श्रीवर्धनचा माणूस. त्या दिवसापासून मी बघतेय. सुट्टीचे वार इथे बदलत गेले, आधी गुरुवार-शुक्रवार, मग शुक्रवार-शनिवार, आता शनिवार-रविवार, आणि सामनेही त्यांच्यामागे सरकत गेले. नोमानचे अब्बा गेले. बगळे राहिले.

या संघाचा इतिहास म्हणजे त्याच्या गोलकीपरांचा इतिहास. गोल मारायला माणसं नेहमीच मिळाली. गोल अडवायला कोणी उभं राहायला तयार नसे, आणि राहिलं तर टिकत नसे. या देशात कोण टिकतं? नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि महिनाभरात फर्निचर विकून माणूस विमानात. पहिला गोलकीपर पेक्का. लिफ्ट दुरुस्त करायचा, बोलायचा जवळजवळ नाहीच. मग लिंडा, हॉस्पिटलातून थेट यायची, नर्सच्या कपड्यांवरच पॅड चढवायची. मग कुरियाकोस. तो शीतगृहातला कारकून, बर्फ त्याने फक्त सुरमईच्या खाली पाहिलेला. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, आला की क्रूसाची खूण करायचा आणि डोळे मिटायचा. गंमत म्हणजे तो पक अडायचा. मग ते मंदीचं वर्ष आलं, जेव्हा लोक विमानतळावर गाड्या सोडून पळाले, आणि आमचा अर्धा संघ त्यांच्याबरोबर गेला. त्या सीझनला आमच्या नोमानने गोल सांभाळला. त्याबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत.

आणि आता कशफ. नोमानची लेक, माझी नात. पोरीने पॅड बांधले की ती दरवाज्याएवढी रुंद दिसते.

तय्यब, आमचा कॅप्टन, काचेपाशी आला. त्याच्या वडिलांचं मीना बाझारमध्ये साड्यांचं दुकान आहे. पोराला मी लंगोटात पाहिलेलं, पण बर्फावर मोठा रुबाब.

“चाची,” तो म्हणाला, “त्यांचा कीपर नाही. हमरियाहून शिफ्ट सुटल्यावर निघाला, मध्ये अडकला. फोनपण बंद.”

“मला कधीचं माहीत आहे.”

“त्यांचा कॅप्टन म्हणतो, नियम तो नियम. घ्या तुम्ही सामना.” आणि तो आवाज खाली आणून म्हणाला, “वाचलो, चाची.”

मागे हॅमर्सची पोरं बाकावर बसून होती. बुटांचे बंद बांधून झालेले आणि हात गुडघ्यांवर. निकाल लागायच्या आधी लोक बसतात तशी. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात कशफ आली. मुखवटा डोक्यावर ढकललेला, केस घामाने चिकटलेले. “तय्यबभाई, व्हाय आर वी स्टँडिंग? उसना द्यायचा ना?”

तय्यबने काठी या हातातून त्या हातात घेतली. तो काय सांगणार? दर सीझनला नव्या पोरांना बसवून ही गोष्ट हाच सांगतो. बगळ्यांची रीत अशी, की समोरच्याचा गोलकीपर आला नाही तर फुकटचा सामना घ्यायचा नाही. आपला गोलकीपर त्यांना उसना द्यायचा. तीन भागांपैकी पहिला भाग पाहुण्यांच्या गोलात, दुसरा आपल्या, तिसरा अर्धा-अर्धा. ज्या गोलात गोलकीपर नाही तिथे प्लायवुडची मोठी फळी बांधायची. फळीला कोपऱ्यांत आणि खाली मधोमध मिळून पाच भोकं, पक त्यातून गेला तर गोल. आणि ही रीत म्हणे नोमानच्या अब्बांनी घालून दिली. प्लांटमधून गमबुटात बाहेर येऊन ते म्हणाले, गोठवलेल्या बर्फाचा अपमान करू नका.

“आजवरचं वेगळं होतं,” तय्यब म्हणाला. “आज तास जाईल, कशफ. संघ जाईल.”

“रीत फक्त सोप्या दिवसांसाठी असते का?”

“तू लहान आहेस.”

“आय ॲम ट्वेंटी-थ्री!”

निनाद मध्ये पडला. हा पुण्याचा, इथे एका बँकेत आहे. बर्फावर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, आता आमचे निम्मे गोल तोच मारतो. “अरे, काकू समोर बसल्यात. पहिल्या दिवशी हजर असलेलं दुसरं कोण उरलंय? त्यांना विचारा ना. काकू, काका खरंच असं म्हणाले होते?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काचेच्या पलीकडे बर्फ पांढरा, गुळगुळीत, नुकतंच यंत्र फिरवलेला. माझ्या मनात एकच होतं, मंगळवारचा तास. या हॉलमध्ये नोमानच्या अब्बांचं नाव अजून कोण घेतं? बगळे घेतात. बगळे गेले की नाव गेलं. आणि संघ वाचवायला मला खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. खरं सांगितलं तरी पुरणार होतं.

“ते असं काही बोललेच नव्हते,” मी म्हणाले.

तय्यबने मान वर केली.

“कुवेतच्या लढाईनंतरचं वर्ष. अबू धाबीहून एक संघ बसने आलेला, त्यांचा गोलकीपर आदल्या दिवशी मायदेशी गेलेला. ते म्हणाले, आम्ही परत जातो. आणि मी दोन्ही संघांसाठी जेवण करून आणलं होतं. मटणाचा पुलाव दोन डेग, वर सांदणं. रात्रभर नारळ खोवला होता. मी नोमानच्या अब्बांना प्लांटमध्ये जाऊन म्हटलं, हे सगळं परत कुठे नेऊ? आपल्या खोलीत तर डेग ठेवायला जागा नाही. यांना कसंही करून थांबवा. म्हणून ते बाहेर आले आणि म्हणाले, आमचा कीपर घ्या, पण खेळा. अपमान, बर्फ, यातलं एक अक्षर नाही. पुलावासाठी झालं ते सगळं.”

मग निनाद म्हणाला, “म्हणजे तीस वर्षं आम्ही पुलावाची परंपरा पाळतोय?”

पोरं फिसकन हसली. तय्यबसुद्धा. मला वाटलं, सुटलो.

“दादी,” कशफ हसली नव्हती. “आणि त्यानंतर? पुढच्या वेळी कुणाचा कीपर आला नाही, तेव्हा पण तू जेवण आणलं होतंस?”

नोमान माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं. तो तेव्हा शाळेत जायचा आणि याच बाकावर बसायचा.

“नाही,” मी म्हणाले.

“मग का दिला?”

“मला काय माहीत? दिला. सवय झाली होती.”

“देन इट्स अ रूल,” कशफ म्हणाली.

“अगं ए,” मी म्हणाले, “वेडी का तू? तास जाईल!”

तय्यबने हातमोजा काढला, परत घातला. “कशफ, उभी तू राहणार. आपल्याच पोरांचे फटके तुलाच अडवायचे. तूच बोल.”

“दीड तास गाडीत बसून आले मी,” कशफ म्हणाली. एवढं मात्र मराठीत, चिडली की तिला मराठी येतं. “पप्पांचं गाणं ऐकत. न खेळता परत त्याच जॅममध्ये जाऊ? नाही जाणार.” आणि मुखवटा खाली ओढून ती निघाली. आमच्या गोलाकडे नाही, हॅमर्सच्या.

त्यांच्या बाकावर आधी कुणाला कळलंच नाही. मग त्यांचा कॅप्टन उभा राहिला, आणि सगळे काठ्या कठड्यावर आपटायला लागले. मी खाली बसले आणि पुन्हा उठले.

पहिला भाग मी कसा बघितला, मलाच ठाऊक. माझी नात समोरच्यांच्या गोलात, आणि आमची फळी आमच्या गोलात. निनादने मारला, कशफने अडवला, नोमान ओरडला, “शाबास!” आणि मग जीभ चावून म्हणाला, “अरे, कुणाला शाबास?” तय्यबने मारला, तिने पायाने उडवला. चांगली खेळत होती कार्टी. आमच्याकडून खेळताना इतकी चांगली कधी खेळली नव्हती. मी मनात म्हणत होते, सोड गं एखादा, तुझ्याच घरचा आहे. निनादला तिची डावी बाजू माहीत आहे, त्याने तिथेच टाकला आणि एक गेला. पण त्या बाजूच्या एका उंच पोराने आमच्या फळीच्या वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून पक असा नेला, जशी सुईत दोरी. एक-एक.

दुसऱ्या भागात कशफ आमच्याकडे आली आणि फळी तिकडे गेली. मला वाटलं, आता आपली पाळी, आता करा गोल. पण फळीवर गोल करणं सोपं नसतं. ती जवळजवळ सगळी जागा व्यापते, भोकं छोटी. आमची पोरं मारत राहिली आणि फळी धाड-धाड वाजत राहिली. सुतारकाम चालल्यासारखा आवाज. आत एकही गेला नाही. आणि या गडबडीत हॅमर्सनी कशफला चुकवून एक घातला. आम्ही एकाने मागे.

“अम्मी, बस,” नोमान म्हणाला.

“बसलेय.”

“उभी आहेस.”

तिसऱ्या भागाचा पहिला अर्धा, पुन्हा कशफ त्यांच्याकडे. तिने पुन्हा सगळं अडवलं. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं आणि बाहेर पडले. शेवटचा अर्धा भाग आमच्या पाळीचा होता, फळी त्यांच्या गोलात, तरीही मला आत थांबवेना. डोळ्यांसमोर मंगळवार संध्याकाळ येत होती. मी शारजाच्या घरात, सून मुनिबा टीव्हीसमोर भाजी निवडतेय, आणि मला कुठे जायचं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये उन्हाचा राग उतरला नव्हता. हॉलला तीन दारं आहेत. समोरचं मोठं दार बोलिंग आणि पोहण्याच्या तलावाकडे जातं, बाजूचं ऑफिसचं, आणि बर्फाकडे जाणारं मागे, कचऱ्याच्या डब्यांच्या पलीकडे. नवखा माणूस हमखास मोठ्या दाराने शिरतो आणि पोहणाऱ्यांच्या टॉवेलांमध्ये फिरत राहतो.

रस्त्याकडून एक माणूस पळत येत होता. पळत म्हणजे काय, मागे बॅग ओढत, वाकून. तिशीचा, कामाचे जाड बूट, नारिंगी जॅकेट अर्धं काढलेलं. बॅग माणूस झोपवण्याएवढी.

मला बघून तो थांबला, धापा टाकत. “आंटी, आइस रिंक किधर है?”

तो मोठ्या दाराकडे तोंड करून उभा होता. मी काही बोलले नसते तर तिकडेच गेला असता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मला हिंदी समजत नाही असं एखाद्याला वाटू शकतं. हे सगळं माझ्या मनात येत होतं, आणि तोवर माझा हात वर झालेलासुद्धा होता. “उधर से नहीं, बेटा. पीछे. कचरे के डिब्बे के बाजू से.”

“थँक यू आंटी!” म्हणून तो गेला. बॅगेची चाकं खडखडत राहिली.

मी माझ्या हाताकडे बघितलं. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच दार दाखवत आलाय तो, मला विचारायची त्याला गरज वाटली नाही. मी स्वतःला एक शिवी दिली, कर्ल्याची, इथे लिहिण्यासारखी नाही. आणि त्याच्या मागे आत गेले.

आत खेळ थांबला होता. तो पोरगा, फहद त्याचं नाव, बाकावर बसून पॅड बांधत होता आणि त्याचे दोन साथी त्याच्या पाठीमागचे पट्टे ओढत होते. हॅमर्सचा कॅप्टन तय्यबला विचारत होता, “आता? ही पाळी तुमची आहे. फळी ठेवायची असेल तर ठेवू.”

खरं बोलला तो. भला माणूस. पहिला अर्धा भाग आमचा गोलकीपर त्यांनी वापरला होता, तेव्हा आता फळी त्यांच्या गोलात हवी, हा आमचा हक्क होता. तय्यबने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली. यांना आणखी काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

“हबीबी,” तय्यब म्हणाला, “आला ना माणूस? मग फळी कशाला? घाल त्याला. यल्ला.”

फळी सोडून बाजूला टेकवली. फहद गोलात जाऊन उभा राहिला. त्याची छाती लांबून खालीवर होताना दिसत होती. अंग गरम नाही, दीड-दोन तास गाडीत, मग उन्हात पळत, आणि आता बर्फावर.

सुरुवातीचे दोन फटके त्याने अडवले. मग निनादने लांबून, जवळजवळ मध्यावरून, नुसता ढकलल्यासारखा एक पक सोडला. त्यालाही त्यातून काही होईल असं वाटलं नसावं, तो वळून बाकाकडे निघालासुद्धा होता. पक घसरत गेला. फहद खाली बसला, पण एक क्षण उशिरा, आणि तो त्याच्या दोन पायांच्या मधून आत गेला.

दोन-दोन.

त्यानंतर कशफने आमच्या गोलात काय काय केलं ते मला धड आठवत नाही. नोमानने माझा दंड घट्ट धरला होता आणि त्याच्या बोटांचे ठसे चार दिवस राहिले. शिट्टी वाजली तेव्हा बरोबरीच होती. आमचा तास राहिला. त्यांचा गेला.

पोरं कशफवर पडली, तय्यब रडला, निनाद माझ्याकडे येऊन काचेवर डोकं टेकून म्हणाला, “काकू, अख्खा भाग फळीवर डोकं फोडलं. फळी थकत नाही, घाबरत नाही. आणि फळीला पाय नसतात, तिच्या पायांतून जाणार कसा? तो आला म्हणून वाचलो आपण!”

मी हसले. मग मला बसावंसं वाटेना. उभंही राहवेना.

हॅमर्सची पोरं कपडे बदलून निघून गेली. हात मिळवले सगळ्यांनी, पण फहदशी कुणी फारसं बोललं नाही. रागाने नव्हे बहुतेक, काय बोलणार? तो मागच्या दाराशी बॅगेवर बसून होता. कंपनीच्या पिकअपने त्याला मेट्रोपर्यंत सोडलं होतं, ती गाडी परत गेली होती.

“किधर जाना है?” नोमानने विचारलं.

“रोला.”

“चलो. हम भी शारजा.”

दोन गोलकीपरांच्या दोन बॅगा डिकीत मावेनात. एक माझ्या आणि फहदच्या मध्ये ठेवली. कशफ पुढे बसली. गाडी निघाली आणि थोड्याच वेळात पुन्हा त्याच जॅममध्ये शिरली. लाल दिव्यांची रांग, दूरवर. फहद खिडकीकडे तोंड करून पुटपुटला, “मायझ्या, फळीच बरी होती.”

मी वळले. “कुठला रे तू?”

तो दचकला. “तुम्ही मराठी? मी म्हसळ्याचा.”

“म्हसळ्यात कुणाचा?”

“बाजारपेठेत मुकादमांचं घर आहे ना, त्यांच्या मागे. वडील कुवेतला होते.”

“मग हिंदी कशाला बोलत होतास मघाशी?”

“तुम्ही पण हिंदीच बोललात, चाची.” त्याने बॅगेवरून माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं मी कोण आहे?”

“बॅग बघून कळलं.”

“आणि तरी दार दाखवलंत?”

“तू विचारलंस. मी दाखवलं.”

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. “आमचा सोमवारचा तास होता,” तो म्हणाला. “सगळी शिफ्टवाली पोरं. कोणी यार्डात, कोणी गोदामात, एक जण क्रेनवर. आठवडाभर लोखंड तापतं हो, हात लावता येत नाही. सोमवारी मात्र बर्फावर. माझी बायको म्हणायची, सोमवारी तू वेगळाच माणूस असतोस.” त्याने काचेवर बोट टेकवलं. “आता काय, ते दोस्त राहतील. पण भेटणार कुठे? कॅन्टीनमध्ये?”

मघापासून मला वाटत होतं, हा पोरगा एकटा आहे, आपल्याला एक राखीव गोलकीपर हवाच आहे, घरी सोडता सोडता विचारून टाकावं. ते शब्द माझ्या तोंडात तयार होते. ते आता गिळले.

रोलाला त्याच्या इमारतीपाशी नोमानने गाडी कडेला घेतली. फहदने बॅग ओढली, ती सीटला अडकली, तेव्हा कशफ उतरली आणि तिने दुसऱ्या बाजूची मूठ धरली. दोघं बॅग घेऊन फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. गाडीचं दार उघडं, गरम हवा आत येत होती. कशफ हातवारे करून काहीतरी सांगत होती, तो मान हलवत होता, आधी नाही, मग नुसतीच.

“हिला इथे पार्किंग नाही हे कळतं का?” नोमान म्हणाला.

ती परत आली, दार लावलं, पट्टा ओढला.

“येणार का तो आपल्याकडे?” मी विचारलं.

“विचारलं नाही मी.”

“मग इतका वेळ काय बोलत होतात?”

“तासाबद्दल.” ती समोर बघत होती. “दादी, मंगळवारचा तास. अर्ध्या बर्फावर आपण, अर्ध्यावर ते. सरावाला अख्खा बर्फ लागत नाही, लहान मुलांचे दोन-दोन क्लास एकदम चालतात. मग पुढच्या सीझनला त्यांनी परत अर्ज करायचा.”

“तय्यबला विचारलंस?”

“नो.”

“लीगला?”

“नो.”

“मला?”

आरशात तिने माझ्याकडे पाहिलं. “तुलाच आधी विचारतेय.”

इतक्या वर्षांचा तो तास, एवढ्या मुश्किलीने आत्ता कुठे हातात राहिलेला, आणि ही पोर तो सुरीने कापून अर्धा देऊन आली होती, म्हसळ्याच्या एका माणसाला, रस्त्याच्या कडेला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. नोमानने गियर टाकला. मला ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं,

“अर्धा म्हणजे कुठला अर्धा?”

“म्हणजे?”

“दाराकडचा की प्लांटकडचा?”

“व्हॉट डिफरन्स डज इट मेक?”

“दाराकडची हवा आत येते. तिथला बर्फ मऊ असतो, पाय रुततो. पाहुण्यांना तो द्यायचा नाही.”

कशफने मान मागे वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीची काच खाली केली, वर केली, परत खाली केली.